घरगुती अडचण : राज्याच्या क्रीडा आयुक्तांना खुले पत्र

मा. आयुक्त,
क्रीडा व युवक सेवा, महाराष्ट्र राज्य,
पुणे



मागच्या एप्रिलमध्ये आमच्या शाळेच्या मैदानावर उन्हाळी शिबिराची नावनोंदणी चालू होती. मला निवृत्त होऊन पाच वर्षं झाली, पण नावं लिहून घ्यायला मुख्याध्यापक अजून मला बोलावतात. एक बाई आठ-नऊ वर्षांच्या मुलीला घेऊन आल्या. त्यांनी अर्ज भरला, पैसे दिले, पावती घडी करून पर्समध्ये ठेवली आणि निघता निघता विचारलं, ‘‘बाई, इथले सर मुलींशी बोलतात ना?’’

‘‘बोलतात की,’’ मी म्हटलं. मग त्या बाईंच्या तोंडाकडे नीट पाहिलं. ती माझी खेळाडू होती.

आठवीपासून दहावीपर्यंत ती माझ्या हाताखाली खो-खो खेळली. संरक्षणाला तिच्याइतकी भरवशाची मुलगी आमच्या तालुक्यात तेव्हा दुसरी नव्हती. दहावीनंतर तिनं मैदान सोडलं. माझ्या नोंदवहीत तिच्या नावापुढे कारण लिहिलं आहे : घरगुती अडचण. खरं तर घरी काही अडचण नव्हती. वडील एसटीत होते, मुलीच्या खेळाचं त्यांना कौतुक होतं, सामन्याला रजा टाकून यायचे. त्या दिवशी मांडवाखाली बसून तिनं मला सांगितलं, की विभागीय स्पर्धेतल्या उपांत्य सामन्यानंतर मी तिच्याशी २३ दिवस बोलले नव्हते. तिनं ते मोजले होते. मला तो सामना लख्ख आठवत होता. अबोला मात्र आठवावा लागला.

आयुक्त महोदय, धाराशिव जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी ३१ वर्षं क्रीडाशिक्षिका होते. आपल्या खात्याच्या स्पर्धांना १४, १७ आणि १९ वर्षांखालील मुलींचे संघ घेऊन वर्षानुवर्षं एसटीनं फिरले. त्या अनुभवावरून आणि निवृत्तीनंतर जे वाचलं त्यावरून हे पत्र लिहिते आहे. विषय एकच : प्रशिक्षक मुलांच्या मनाशी काय करतो, आणि त्याचा खेळावर काय परिणाम होतो.

तो उपांत्य सामना आधी सांगते. शेवटच्या डावात ती एकटी उरली होती आणि आम्हाला अजून दीड मिनिट काढायचं होतं. ती एकेरी साखळीत सुरेख पळत होती. मी रेषेबाहेरून ओरडत होते, ‘‘रिंग घे, रिंग घे!’’ खांबाजवळच्या रिंगणात ती सुरक्षित राहील असा माझा हिशेब होता. तिनं क्षणभर माझ्याकडे पाहिलं. आक्रमक मुलीला तेवढं पुरलं. आम्ही एका गुणानं हरलो.

मी तिला एका शब्दानं रागावले नाही. मुलींवर मी कधी हात उगारला नाही, आणि न मारणारी बाई म्हणजे चांगली बाई, अशी माझी स्वतःबद्दलची समजूत होती. मी फक्त तिच्याशी बोलायची थांबले. सरावाला बाकीच्या मुलींना नावानं हाक मारायची, तिला नाही. ती समोर आली की नजर पलीकडे. हे मी ठरवून करत होते. माझी नाराजी तिला कळावी आणि पुढच्या वेळी तिनं माझं ऐकावं, म्हणून.

अबोला आपल्या घरांना नवा नाही. जावाजावांत असतो, भावाभावांत असतो. पण तिथं तो दोन्ही बाजूंना धरता येतो. पंधरा वर्षांच्या मुलीला बाईंशी अबोला धरता येत नाही. तिनं तो सोसायचा आणि रोज संध्याकाळी मैदानावर येऊन बाईंचा चेहरा वाचत बसायचं, एवढंच तिच्या हाती असतं.

अमेरिकेतल्या रॉचेस्टर विद्यापीठातले एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन हे मानसशास्त्रज्ञ कित्येक दशकं एक गोष्ट सांगत आले. शरीराला जसं अन्नपाणी लागतं, तशा मनाच्याही तीन गरजा असतात आणि त्या कुणाच्या हौसेच्या नसतात. माझ्या मुलींच्या भाषेत सांगायचं तर, ‘इथं माझंही काही चालतं’, ‘मला हे जमतंय’ आणि ‘मी यांच्यातली आहे’. या तिन्ही भागत असल्या की कुणी मागे न लागता मूल घाम गाळतं. त्यांच्यावर घाव बसत राहिला की ते एकतर सोडून जातं, नाहीतर धास्तीपोटी खेळत राहतं. शाळेत निदान सहा-सात शिक्षक असतात, एक रागावला तर दुसरा जवळ घेतो. मैदानावर तिन्ही गरजा एकाच माणसाच्या हाती असतात. संघात कोण, बाहेर कोण, कुणाला जमलं, कुणाला नाही, कुणाशी बोलायचं आणि कुणाला टाळायचं, हे सगळं तोच ठरवतो.

इंग्लंडमधल्या किम्बर्ली बार्थोलोम्यू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० मध्ये प्रशिक्षकांच्या जाचक वागण्याची एक मोजपट्टी प्रसिद्ध केली. तिच्यात चार प्रकार आहेत. धाकदपटशा हा सगळ्यांना दिसणारा प्रकार. दुसरा, बक्षिसाचं आमिष दाखवून मुलाला कह्यात ठेवणं. आपल्याकडे दहावी-बारावीचे क्रीडा गुण आणि पुढे सरकारी नोकरीतलं ५ टक्के आरक्षण यांचा असा वापर किती सहज होतो, हे आपल्या खात्याला सांगायला नको. ‘गुण पाहिजेत ना, मग गप पळ,’ हे वाक्य मी इतर संघांच्या तंबूंत ऐकलं आहे आणि आमच्याही. तिसरा, मैदानाबाहेरच्या आयुष्यात हात घालणं : कुणाशी मैत्री करायची, केस किती ठेवायचे, मामाच्या लग्नाला जायचं की नाही. चौथा प्रकार मी दोनदा वाचला. मूल मनासारखं वागलं नाही की माया काढून घेणं, त्याच्याकडचं लक्ष कमी करणं. माझ्या अबोल्याला संशोधनात स्वतंत्र जागा होती.

त्याच गटानं २०११ मध्ये दाखवलं, की या तीन गरजांची गळचेपी होत असलेल्या खेळाडूंमध्ये उदासी, खाण्यापिण्याच्या तक्रारी आणि खेळाचा वीट येणं जास्त दिसतं. त्यांनी खेळाडूंच्या लाळेचे नमुनेही तपासले. गळचेपी जाणवणाऱ्यांच्या लाळेत सरावाला सुरुवात होण्याआधीच ताणाची खूण असणारं एक प्रतिपिंड वाढलेलं होतं. म्हणजे मैदानावर पाऊल पडण्याआधीच शरीर धास्तावलेलं. सरावाला येताना पोट दुखतंय म्हणणाऱ्या किती मुलींना मी ‘नाटकं करू नको’ म्हटलं असेल, त्याचा आता हिशेब लागत नाही.

पण पदकाचं काय, असा प्रश्न आपल्याला पडेल. पडायलाच हवा. धाकावर जिल्हा जिंकता येतो. मी जिंकलेला आहे. त्या पातळीवर समोरचा संघ बहुधा कच्चा असतो आणि पाठ केलेला खेळ पुरतो. विभागाला, राज्याला गेलं की समोरच्यांना तुमचा पाठ दुसऱ्या मिनिटाला कळतो. तिथं मुलीला स्वतःला काही सुचावं लागतं. खो-खोत पळणाऱ्या मुलीकडे ठरवायला पापणी लवण्याइतका वेळ असतो. खो मिळालेली मुलगी कोणत्या पायावर उठली, तिचा खांदा कुठे वळला, पुढच्या पाटीवर बसलेली सावध आहे की नाही, हुलकावणी आता द्यायची की एक पाऊल थांबून. हे सगळं बघायला दोन डोळे कमी पडतात, आणि आमच्या मुलींचा एक डोळा कायम बाईंकडे असायचा. त्या सामन्यात तिनं माझ्याकडे का पाहिलं? तीन वर्षं मीच तिला तशी सवय लावली होती. पराभवाचं कारण रेषेबाहेर उभं होतं, आणि शिक्षा मात्र रेषेच्या आत पळणारीला झाली.

असं काही बोललं की मैदानावरचे लोक एक नाव हमखास घेतात : रमाकांत आचरेकर सर. तेंडुलकरला त्यांनी थप्पड मारली होती, २९ वर्षांत कधी ‘छान खेळलास’ म्हटलं नाही, म्हणून तो तेंडुलकर झाला, असं सांगतात. दोन्ही गोष्टी तेंडुलकरनंच जाहीरपणे सांगितल्या आहेत, दुसरी तर १६ नोव्हेंबर २०१३ ला वानखेडेवर, निवृत्तीच्या भाषणात. पण त्याच भाषणात त्यानं सरांच्या स्कूटरविषयीही सांगितलं. पोराला सामन्यांचा सराव मिळावा म्हणून सर त्याला मागे बसवून एका मैदानावरून दुसऱ्या मैदानावर न्यायचे. थप्पड बसली तीही सरांनी त्याच्यासाठी ठरवलेला सामना सोडून तो वानखेडेवर दुसऱ्यांची अंतिम लढत बघायला गेला म्हणून. आणि यष्टीवर ठेवलेलं ते रुपयाचं नाणं. सगळं सत्र बाद न होता काढलं की नाणं सचिनचं. अशी १३ नाणी त्यानं जपून ठेवली. त्या नाण्यानं पोराला विकत घेतलं नाही. ‘आज तुला कुणी बाद करू शकलं नाही’ एवढीच बातमी ते देत होतं, आणि मुलाला नेमकी तीच बातमी हवी असते. सर कडक होते, यात शंका नाही. पण हा माणूस आपला आहे आणि आपल्यासाठी झिजतो आहे, याबद्दल त्या मुलाच्या मनात एक दिवसही संशय नसावा. आम्ही त्यांच्याकडून थप्पड तेवढी उचलली आणि स्कूटर तिथंच ठेवली. शिवाय ज्यांना हजार मैदानांवर थपडा बसल्या आणि जे मुकाट्यानं घरी गेले, त्यांना भाषण करायला कुणी वानखेडे देत नाही. थप्पड मी सरांचीसुद्धा योग्य मानत नाही. पण ती बाजूला ठेवली तरी ते उदाहरण आमच्या बाजूनं साक्ष देत नाही.

कडकपणा आणि दडपण या दोन गोष्टी आम्ही आयुष्यभर एकच समजलो. वेळेवर या, पूर्ण ताकदीनं पळा, चुकलं तर पुन्हा करा, हा कडकपणा मुलांना हवाच असतो. त्यावाचून ‘मला जमतंय’ हे कुठून येणार? दडपण वेगळं. दडपणात मुलाला कायम वाटत राहतं, की आज खेळ चुकला तर मी या माणसाची उरणार नाही.

आपल्याच खात्याच्या घरातलं उदाहरण देते. कोल्हापूर जिल्ह्यात राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसळे २००९ मध्ये क्रीडा प्रबोधिनीत आला. वर्षभराच्या प्रशिक्षणानंतर एक खेळ निवडायचा होता. त्यानं नेमबाजी निवडली. १ ऑगस्ट २०२४ ला पॅरिसमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये ४५१.४ गुणांचं कांस्यपदक त्याच्या गळ्यात पडलं. खाशाबा जाधवांच्या हेलसिंकीतल्या पदकानंतर ७२ वर्षांनी महाराष्ट्राच्या खेळाडूला मिळालेलं हे वैयक्तिक ऑलिंपिक पदक. आपल्या प्रशिक्षक दीपाली देशपांडे मला दुसऱ्या आईसारख्या आहेत, असं तो तेव्हा म्हणाला. पदकामागे अर्थातच शेकडो कारणं असतात, आणि एका मुलावरून नियम काढता येत नाही, हे मला कळतं. पण कोवळ्या वयात खेळ त्याला स्वतःला निवडता आला आणि पुढे आपलं माणूस भेटलं, या दोन गोष्टी मला त्या पदकाइतक्याच मोलाच्या वाटतात. आपल्या प्रबोधिन्यांमध्ये आज किती मुलांना अशी निवड मिळते, आणि किती जणांची उंची मोजून, पळवून बघून, खेळ दुसरंच कुणी ठरवतं? हे आपण एकदा विचारून घ्यावं.

मुलांचं नुसतं कौतुक करत राहा, असं माझं म्हणणं नाही. १९७४-७५ च्या हंगामात रोलंड थार्प आणि रोनाल्ड गॅलिमोर या दोघांनी अमेरिकेतल्या यूसीएलए विद्यापीठाचे बास्केटबॉल प्रशिक्षक जॉन वुडन यांचे सराव कडेला बसून पाहिले आणि त्यांची प्रत्येक कृती टिपली. तो हंगाम धरून वुडन यांच्या संघानं १२ वर्षांत १० राष्ट्रीय विजेतेपदं मिळवली. १५ सरावांत २३२६ नोंदी झाल्या. त्यांत निम्म्या निव्वळ सूचना होत्या : हे असं कर, पाय इथं, चेंडू तिकडे. शाबासकी जेमतेम ७ टक्क्यांच्या आसपास. वुडन रागवायचेही. पण रागावल्यावर लगेच कसं करायचं ते दाखवायचे. मुलाला स्तुती मोजून दिली तरी चालते. माहिती मात्र भरपूर लागते. माझ्या अबोल्यात माहितीचा कण नव्हता. त्या मुलीला २३ दिवसांत एवढंही कळलं नाही, की तिचं नेमकं काय चुकलं.

सिएटलच्या रोनाल्ड स्मिथ आणि फ्रँक स्मॉल यांनी तर हे शिकवता येतं, हेच दाखवून दिलं. मुलांच्या बेसबॉल संघांच्या काही प्रशिक्षकांना त्यांनी छोटं प्रशिक्षण दिलं : चांगल्या प्रयत्नाची दखल कशी घ्यायची, चुकीनंतर काय बोलायचं, धाकाऐवजी नियम आधी कसे सांगायचे. १९९२ मध्ये त्यांनी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात प्रशिक्षण न घेतलेल्या प्रशिक्षकांची २६ टक्के मुलं पुढच्या हंगामात परत आली नाहीत; प्रशिक्षण घेतलेल्यांची फक्त ५ टक्के गळाली. दोन्हीकडच्या संघांच्या हारजितीत फरक नव्हता, म्हणजे जिंकल्यामुळे मुलं टिकली असंही म्हणता येत नाही. हे आकडे मी वहीत लिहून ठेवले आहेत. आपल्याकडे दहावीनंतर मुली गळतात तेव्हा आपण लग्न, पाळी, घरचे लोक, क्लास यांची नावं घेतो. ती कारणं खरी आहेत, मी ती जवळून पाहिली आहेत. पण त्यांच्या आड आम्ही शिक्षक निर्धास्त लपलो.

प्रशिक्षकांच्या बाजूनंही बोलायला हवं. मी त्यांच्यातलीच आहे. जेनेव्हिएव्ह माजो आणि रॉबर्ट व्हॅलरँड या कॅनडातल्या संशोधकांनी २००३ मध्ये मांडलं, की वरून दडपण आलं की प्रशिक्षक तेच खाली ढकलतो. मानधनावर काम करणारा, पुढच्या वर्षी करार होईल की नाही या काळजीत झोपणारा तरुण मुलामुलींशी शांतपणे कसा बोलेल? त्याचं मोजमाप आपण पदकांच्या एका रकान्यात करतो. माझंही तसंच झालं. ३१ वर्षांत कुणी एकदाही विचारलं नाही, की बाई, तुमच्याकडे आलेल्या मुलींपैकी किती अजून खेळतात?

हा प्रश्न आपण विचारावा, ही माझी पहिली मागणी. प्रबोधिनीतून, शिबिरातून, शाळेच्या संघातून जे मूल जातं, त्याच्याशी काही महिन्यांनी त्रयस्थ माणसानं बोलावं. प्रशिक्षकानं नको, त्याच शाळेतल्या कुणी तर नकोच. आणि पदकांच्या रकान्याशेजारी टिकलेल्या मुलांचा रकाना असावा.

दुसरं, उजळणी वर्गांत आम्हाला नियमांतले बदल आणि व्यायामशास्त्र शिकवतात. त्यातला एक दिवस असा द्या, की एक प्रशिक्षक सराव घेईल आणि दुसरा कडेला बसून टिपेल : किती सूचना, किती ओरडणं, किती प्रश्न, कुणाशी एकदाही बोलणं नाही. त्याला वहीपेन्सिलीपलीकडे खर्च नाही. माझ्या शेजारी असं कुणी एक संध्याकाळ बसलं असतं, तर २३ दिवसांपैकी दुसऱ्याच दिवशी ते कागदावर आलं असतं.

क्रीडा गुण कशानं मिळतात आणि कशानं जातात, हे प्रत्येक खेळाडूच्या हाती मराठीत छापून द्या, म्हणजे त्यांची भीती कुणाला घालता येणार नाही. आणि मुलाला तक्रार करायची असेल तर ती प्रशिक्षकाच्या हातून पुढे जाणारी नको. शाळेच्या वर्गात शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ यांना २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ नं बंदी आहे. मैदानावर आलं की तेच वागणं ‘घडवणं’ कसं होतं?

आमच्या शिबिराचे नवे सर सत्तावीस वर्षांचे आहेत. आवाज माझ्यापेक्षा मोठा, उशिरा येणाऱ्याला मैदानाच्या फेऱ्या चुकत नाहीत. पण मूल बाद होऊन बाहेर आलं की ते पहिल्यांदा विचारतात, ‘‘तुला काय दिसलं?’’ आणि उत्तर येईपर्यंत थांबतात. सुरुवातीला मुलं खांदे उडवायची. मे संपता संपता सांगायला लागली. त्या बाईंची मुलगी तर हातवारे करून सांगते. तिचं सांगून झाल्यावर सर म्हणतात, ‘‘मग आता काय करशील?’’ आणि तिला पुन्हा आत पाठवतात.

त्या एप्रिलच्या दिवसानंतर मी माझ्या जुन्या नोंदवह्या काढल्या. ‘घरगुती अडचण’ असं मी स्वतःच्या अक्षरात लिहिलेल्या मुली ११ निघाल्या. त्यांतल्या चौघींशी आतापर्यंत बोलणं झालं आहे. एकीच्या घरी खरंच अडचण होती. उरलेल्या सातजणींचे पत्ते मी शोधते आहे.

आपली,
एक निवृत्त क्रीडाशिक्षिका